इक्थिओसॉरची कवटी : सोलापुरातल्या शाळांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफ्थॅल्मोसॉरस हा इक्थिओसॉर गटातला, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या नामशेष सरपटणाऱ्या प्राण्यांतला एक. त्याच्या कवटीची मीटरभर लांबीची प्लास्टरची प्रतिकृती घेऊन आम्ही काही शिक्षक आणि बी.एस्सी.ची मुले सोलापूर शहरात, शिवाय मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडच्या शाळांत जातो. टेबलावर कवटी ठेवली की प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक वेळा तेच असतात. शाळेत येऊ न शकलेल्या पालकांसाठी आणि पुढच्या वर्गांसाठी ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत.

हा डॉल्फिनच आहे ना?

नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, आणि तो विचारणाऱ्याला हसू नये. लांब निमुळती चोच, ओळीने टोकदार दात, मागे गोलसर डोके. दोन पावले लांबून पाहिले तर जाणकारही क्षणभर थबकेल. पाण्यात वेगाने मासे पकडायचे असतील तर तोंडाचा हा आकार सोयीचा पडतो. म्हणून दोन अगदी वेगळ्या घराण्यांनी, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने, तो कमावला.

जवळ जाऊन खालचा जबडा बघा. डॉल्फिन सस्तन आहे, तुमच्याआमच्यासारखा. सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एकच हाड असते, डेंटरी. आमच्या प्रतिकृतीत जबड्याच्या एका बाजूला पाच-सहा हाडे आहेत, प्रत्येकाला मुलांनी वेगळा रंग दिला आहे. पुढे दात धरणारी डेंटरी, मागे अँग्युलर आणि सरअँग्युलर, आतल्या बाजूला स्प्लेनियल, आणि अगदी शेवटी कवटीशी सांधा करणारे आर्टिक्युलर. हे आर्टिक्युलर वर ज्या हाडाला टेकते ते क्वाड्रेट. सरडा, कासव, मगर, कोंबडी या सगळ्यांचा जबडा याच दोन हाडांवर उघडतो.

सस्तन प्राण्यांत या जोडीचे काय झाले, हे सांगितले की वर्ग गप्प होतो. त्यांच्या पूर्वजांत जबड्याचा सांधा दुसऱ्या हाडांकडे गेला, आणि मोकळी पडलेली ही दोन हाडे लहान होत होत मधल्या कानात शिरली. शाळेच्या पुस्तकात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी कानातली तीन हाडे शिकवतात. त्यातला हातोडा म्हणजे आर्टिक्युलर आणि ऐरण म्हणजे क्वाड्रेट. इक्थिओसॉर ज्या हाडांनी मासा चावत होता, त्याच हाडांनी तुम्ही आत्ता ऐकत आहात. डॉल्फिनसुद्धा. एवढा एक फरक पटला की बाहेरचे साम्य फसवत नाही.

आणखी एक खूण नाकाची आहे, ती पुढे येते.

मग हा डायनासोर असेल.

तोही नाही. बहुतेक डायनासोरांच्या कवटीत डोळ्याच्या पुढे, नाकपुडीच्या मागे एक जास्तीची खिडकी, म्हणजे हाडांमधले मोकळे भोक, असते आणि डोळ्याच्या मागे दोन. इक्थिओसॉरला डोळ्यापुढची खिडकी नाही, आणि डोळ्यामागे एकच, तीही डोक्याच्या वरच्या अंगाला. जबडा मिटणारे स्नायू या खिडकीतून बसत. अगदी सुरुवातीच्या प्रकारांत गालाची खालची कड आत वळलेली दिसते. त्यावरून बहुतेक अभ्यासक मानतात की घराणे मुळात दोन खिडक्यांचेच, फक्त खालची पुढे मोडीत निघाली.

दोघे एकाच काळात पृथ्वीवर होते, यापलीकडे जवळचे नाते नाही. इक्थिओसॉर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात आणि ९ ते ९.५ कोटी वर्षांपूर्वी संपतात, म्हणजे डायनासोर जाण्याच्या कितीतरी आधी.

डोळ्याचे भोक एवढे मोठे मुद्दाम केले आहे का?

मोजून केले आहे. ऑफ्थॅल्मोसॉरस साधारण चार मीटर लांब होता आणि त्याच्या डोळ्याचा व्यास सुमारे २३ सेंटीमीटर निघतो. पोरे हातातला फुटबॉल खोबणीत बसवून बघतात आणि तो बसतो! टेम्नोडॉन्टोसॉरस या त्याहून मोठ्या इक्थिओसॉरचा डोळा २५ सेंटीमीटरच्या पुढे जातो. आजच्या निळ्या देवमाशाचा डोळा यापुढे लहान वाटतो. बरोबरी करायची झाली तर फक्त राक्षसी स्क्विडशी.

पुढचा प्रश्न लगेच येतो : मऊ डोळा तर कुजून गेला, मग माप कुणी घेतले? त्याचे उत्तर खोबणीत दिसणाऱ्या हाडाच्या कड्यात आहे.

खोबणीत ते हाडाचे कडे कसले आहे?

त्याला स्क्लेरोटिक कडे म्हणतात. हाडाच्या पातळ पट्ट्या, चौदा-पंधराच्या आसपास, एकमेकींवर थोड्या चढलेल्या, आणि मध्ये गोल मोकळी जागा. हे कडे डोळ्याच्या बाहेर नव्हते, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भिंतीत बसलेले होते. डोळा मोठा असेल आणि प्राणी पाण्यात वेगाने जात असेल, तर डोळ्याचा आकार बिघडायला वेळ लागत नाही, आणि आकार बिघडला की प्रतिमाही बिघडते. कडे तो आकार धरून ठेवते.

जीवाश्मशास्त्रज्ञाला याचा दुसरा उपयोग. कड्याच्या बाहेरच्या व्यासावरून डोळा केवढा होता ते कळते आणि आतल्या व्यासावरून प्रकाश आत जाण्याची वाट जास्तीत जास्त केवढी असेल त्याचा अंदाज येतो. १९९९ मध्ये र्‍योसुके मोतानी आणि सहकाऱ्यांनी हाच हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे ऑफ्थॅल्मोसॉरसचा डोळा अंधुक प्रकाश गोळा करण्यात मांजराच्या डोळ्याच्या पंक्तीत बसतो. त्यावरून तो खोल, काळोख्या पाण्यात बुडी मारून शिकार करत असावा, असे त्यांचे म्हणणे. काहींना वाटते, खोल पाणीच कशाला, रात्रीची शिकार असेल तरी असा डोळा लागेल. मला स्वतःला बुडीची बाजू जड वाटते, पण कडे फक्त प्रकाश किती कमी होता एवढेच सांगते. तो कमी का होता, ते त्याला विचारून उपयोग नाही.

असे कडे आज कुणाला असते का? बघायला मिळेल?

मिळेल, आणि त्यासाठी सोलापूरच्या बाहेर जावे लागत नाही. पक्ष्यांना असते. नान्नजच्या अभयारण्यातल्या माळढोकाच्या डोळ्यात आहे, उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्याच्या डोळ्यात आहे, आणि चिकनच्या दुकानातल्या कोंबडीच्या डोळ्यातही आहे. कोंबडीचे मुंडके उकळून डोळा हलक्या हाताने काढला, मऊ भाग धुऊन टाकला की नखाएवढे कडे हाती लागते. साधारण चौदा पट्ट्या मोजता येतात, भिंग मात्र जवळ हवे. शिळ्या मुंडक्याचा वास घरभर बसतो, तेव्हा ताजेच आणा. आणि शाकाहारी घरातल्या मुलांना हा प्रयोग गृहपाठ म्हणून देऊ नका, तक्रारी आमच्याकडे येतात.

सरड्याला आणि कासवाला कडे असते. मगरीला, सापाला आणि सस्तन प्राण्यांना नसते. म्हणजे डॉल्फिनला नाहीच.

नाकपुड्या कुठे आहेत? चोचीच्या टोकाला तर काही दिसत नाही.

डोळ्याच्या लगेच पुढे, दोन्ही बाजूंना एकेक लांबट फट. मुले टोकाकडे शोधतात, कारण कुत्र्यामांजराचे नाक तिथे असते. इक्थिओसॉरच्या चोचीचा बहुतेक भाग प्रीमॅक्सिला या एकाच जोडीच्या हाडांनी व्यापलेला आहे. आपल्यात पुढचे चार दात धरण्यापुरती उरलेली ही हाडे तिथे हातभर लांब झाली. मॅक्सिला, जे आपल्यात वरचा जबडाच म्हणायला हवे, ते इक्थिओसॉरमध्ये नाकपुडीखालची लहानशी पट्टी आहे. चोच पुढे वाढत गेली, नाकपुड्या मागे राहिल्या.

डॉल्फिनचे नाक याहून मागे, थेट डोक्याच्या माथ्यावर गेले. नाकाच्या या दोन जागा पाहिल्या तरी दोघांना वेगळे करता येते. श्वास मात्र दोघांनाही पृष्ठभागावर येऊनच घ्यावा लागे. कल्ले कुणालाच नव्हते.

दात पडले तर?

नवे यायचे, जन्मभर. पुढच्या काळातल्या बऱ्याच प्रकारांत दात स्वतंत्र खोबणींत नव्हते, जबड्याच्या लांबच लांब खाचेत ओळीने उभे असत. दाताच्या मुळाशी दंतद्रव्याच्या उभ्या घड्या दिसतात. जबड्यात पकड घट्ट बसण्यासाठी त्या उपयोगी पडत असाव्यात.

कान कुठे आहे?

बाहेर नव्हताच. आत स्टेप्स, म्हणजे आपली रिकीब, आहे. पण सरड्यात ती काडीसारखी बारीक असते, तर इथे जाडजूड ठोकळा, जो थेट क्वाड्रेटला भिडतो. असे जाड हाड हवेतल्या आवाजाने कंप पावत नाही. पाण्यातला आवाज डोक्याच्या हाडांतून आत पोचत असावा. डॉल्फिनप्रमाणे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढण्याची कुठलीही खूण या कवटीत दिसत नाही. एवढा मोठा डोळा सांभाळणाऱ्याला ती गरज कशाला?

डोक्याच्या मधोमध वर बारीक भोक आहे. प्रतिकृतीला तडा गेला आहे का?

नाही, ते हवेच. तिथे त्वचेखाली प्रकाश जाणवणारे इंद्रिय असते, काही जण त्याला तिसरा डोळा म्हणतात. बागेतल्या सरड्याच्या माथ्यावरही असते.

खऱ्या कवट्या चपट्या का असतात? तुमची तर छान फुगीर आहे.

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि विचारला की आम्हाला आनंद होतो. इंग्लंडच्या लाइम रेजिसचे किंवा जर्मनीच्या होल्झमाडेनचे प्रसिद्ध नमुने पातळ थरांच्या चिखलात गाडले गेले आणि वरच्या ओझ्याने दाबले गेले. एक बाजू सुंदर दिसते, दुसरी खडकात. डोके किती रुंद होते, तोंडातल्या टाळूची हाडे आत कशी जुळली होती, मेंदूची पेटी कशी होती, हे त्यातून नीट कळत नाही.

ऑफ्थॅल्मोसॉरसच्या बाबतीत नशीब वेगळे निघाले. जीवाश्मशास्त्रज्ञ हॅरी सीलीने १८७४ मध्ये त्याला नाव दिले. इंग्लंडच्या पीटरबरोच्या आसपास विटांसाठी चिकणमाती खणत. त्या खाणींतून आल्फ्रेड लीड्स या शेतकरी गृहस्थाने समुद्री प्राण्यांची हाडे वर्षानुवर्षे गोळा केली. इक्थिओसॉरच्या कवटीतली हाडे एकमेकांना घट्ट सांधलेली नसतात, नुसती एकमेकांवर चढलेली असतात. त्यामुळे प्राणी मरून तळाशी गेला की डोके सुटे होते. पीटरबरोला ती सुटी हाडे चपटी न होता मिळाली. प्रत्येक हाड हातात घेऊन फिरवता आले, सांध्याच्या खाचा जुळवता आल्या. अख्खी कवटी मोडून पडली म्हणूनच ती आतून समजली. आमची प्रतिकृती फुगीर आहे ती या कामाच्या जोरावर. विटांच्या त्या खाणी नसत्या तर अंदाजच फार करावे लागले असते.

हल्ली सीटी स्कॅनने दगड न फोडता आत पाहता येते. इंग्लंडच्या वॉरविकशायरमधल्या एका शेतात १९५५ मध्ये सापडलेली जवळजवळ मीटरभर कवटी अशी आहे. ती चपटी झालेली नव्हती, तरी कित्येक दशके तिच्यावर नीट अभ्यास झाला नव्हता. स्कॅन करून तिची संगणकावर त्रिमितीय मांडणी केली (अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा आतली हाडे तर दिसलीच, शिवाय जुन्या जुळणीतल्या काही चुकाही उघड्या पडल्या.

पहिली कवटी कुणाला सापडली?

गाजलेली पहिली कवटी लाइम रेजिसच्या अ‍ॅनिंग भावंडांना. १८११ मध्ये जोसेफला कड्यात चार फूट लांबीची कवटी दिसली. पुढच्या वर्षी मेरीने, तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची, बाकीचा सांगाडा शोधला. तो २३ पौंडांना विकला गेला. ही पहिलीच कवटी नव्हे, आधीही तुकडे सापडले होते, पण विद्वानांचे लक्ष गेले ते हिच्याकडे. शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी १८१४ मध्ये तिचे वर्णन छापले. प्राणी मासा की आणखी काही, याबद्दल त्यांचे मत पुढे अनेकदा बदलले, आणि अ‍ॅनिंग भावंडांचे नाव त्यांनी घेतलेच नाही. कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, टेम्नोडॉन्टोसॉरस म्हणून. मुलींच्या शाळेत हे उत्तर जरा सावकाश द्यावे लागते. मेरीला जिऑलॉजिकल सोसायटीत का घेतले नाही, असा पुढचा प्रश्न ठरलेला. कारण तेव्हा बायकांना घेतच नसत.

भारतात सापडले आहेत का?

हो. तामिळनाडूत अरियलूर-तिरुचिरापल्ली भागातल्या क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या, काळाच्या समुद्री खडकांतून मणके सापडले. त्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७९ मध्ये भारतीय इक्थिओसॉरची नोंद केली. दात पुढे मिळाले.

सगळ्यात मोठी भर कच्छची. भुजच्या ईशान्येला लोडाई गावाजवळ ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातला, सुमारे १५ कोटी वर्षांहून जुना, जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. लांबी साडेपाच मीटरच्या आसपास. दिल्ली विद्यापीठाचे जी. व्ही. आर. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. भारतातला ज्युरासिक काळाचा हा पहिला इक्थिओसॉर, आणि ऑफ्थॅल्मोसॉरसच्याच कुळातला, म्हणून तो आम्हाला जवळचा. कवटीचा चोचीकडचा भाग दातांसकट टिकला आहे. दातांची झीज पाहता तो कठीण कवचाचे आणि खवल्यांचे भक्ष्य चावत होता असे दिसते.

आमच्या विहिरीत दातासारखा पांढरा दगड निघाला. तो यातलाच असेल का?

नसेल. सोलापूर जिल्ह्याचा काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा तो बनलेला, आणि त्याच्याच झिजेतून मंगळवेढ्याची ज्वारी पिकवणारी काळी माती झाली. लाव्हा वाहू लागला तेव्हा शेवटचा इक्थिओसॉर जाऊन अडीच कोटी वर्षे उलटली होती. खाली खोल गेलो तर? शेजारच्या किल्लारीला भूकंपानंतर खोल छिद्र घेतले. तिथे सुमारे ३४० मीटर बेसाल्ट संपल्यावर ज्युरासिक समुद्राचा तळ लागला नाही, अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला.

मग ते दात कसले? बेसाल्टमधल्या पोकळ्यांत वाढलेले स्फटिक. झिओलाइट, कॅल्साइट किंवा साधी गारगोटी. टोकदार असतात, पांढरे असतात, ओळीनेही उगवतात. तुटलेली बाजू भिंगातून बघा : सपाट चकचकीत पृष्ठ दिसले तर स्फटिक. हाडात बारीक छिद्रांची जाळी दिसते. फेकून देऊ नका, चांगला स्फटिक हीसुद्धा जपण्याची गोष्ट आहे.

नदीच्या जुन्या गाळात खरे हाड मिळण्याची शक्यता असते, पण ते फार अलीकडचे. मांजरा, घोड, गोदावरी यांच्या गाळात पुरातन हत्ती आणि रानगुरांची हाडे सापडली आहेत. भीमेच्या किंवा सीनेच्या काठी जड, दगड झालेले हाड दिसले तर उपटू नका. जागेचा फोटो घ्या आणि विद्यापीठाच्या किंवा जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला दाखवा. उपटलेल्या हाडाचा थर हरवतो आणि मग त्याचे वय सांगणे अवघड होते.

सगळ्या इक्थिओसॉरांची तोंडे अशीच होती का?

मुळीच नाही, आणि एकच प्रतिकृती घेऊन फिरण्याचा हा तोटा आहे. युरिनोसॉरसचा वरचा जबडा खालच्यापेक्षा कितीतरी लांब, तलवार माशाच्या वळणाचा. अमेरिकेच्या नेवाडातल्या थॅलॅटोआर्कनचे दात मोठे आणि धारदार कडांचे, मोठी शिकार कापण्याचे. शास्टासॉरसची चोच आखूड आणि बिनदाताची असल्याचे काही अभ्यासकांनी मांडले होते, पण त्यावर वाद आहे.

चीनच्या चाओहूजवळचा कार्टोरिंकस सर्वांत गमतीचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला, जेमतेम अर्धा मीटर लांब, आखूड तोंडाचा. दात नाहीत, भक्ष्य पाण्यासकट ओढून घेत असेल, असे तेव्हा ठरले. २०२० मध्ये सीटी स्कॅन केला तर जबड्यात आत, बाहेरून न दिसणारे गोल वाटाण्यासारखे दात निघाले. म्हणजे कवचाचे भक्ष्य फोडत असणार. सहा वर्षांत त्याचा आहारच बदलला.

एका हाडावरून पंचवीस मीटर लांबी सांगतात, ती खरी धरायची का?

इक्थिओटायटनबद्दल हा प्रश्न येतो. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या किनाऱ्यावर सरअँग्युलर या जबड्याच्या मागच्या हाडाचे तुकडे मिळाले. त्यातले काही एका अकरा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या वडिलांनी शोधलेले. हाड दोन मीटरहून लांब भरते. २०२४ मध्ये प्राण्याला नाव मिळाले आणि लांबी सुमारे २५ मीटर असावी असे म्हटले गेले. जवळच्या नातेवाइकांच्या पूर्ण सांगाड्यात शरीर या हाडाच्या किती पट असते ते मोजून प्रमाण लावले आहे. प्राणी प्रचंड होता याबद्दल शंका नको. आकडा मात्र नातेवाईक कोणता निवडला त्यावर हलतो. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहायचे तर ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका.

चित्रकलेच्या तासाला हे डोके काढायचे आहे. काय सांभाळायचे?

आधी डोळा काढा, मग बाकीचे त्याच्याभोवती. नाकपुडी डोळ्याच्या पुढे, टोकाला नाही. डोळ्याखालचे हाड बारीक आहे, तिथे गुबगुबीत गाल काढू नका. आणि जिवंत प्राणी काढत असाल तर हाडाचे कडे दाखवू नका. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ मध्ये उभारलेल्या इक्थिओसॉरांच्या डोळ्यांवर पट्ट्या स्पष्ट कोरल्या आहेत, आणि ती नक्कल अजून पुस्तकांतून फिरते. रंग राखाडीच हवा असे नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या स्टेनोप्टेरिजियस या इक्थिओसॉरच्या टिकलेल्या त्वचेत रंगद्रव्य तपासले, तेव्हा पाठ गडद आणि पोट फिकट निघाले. तेवढे पाळा, पुढे काळा की तपकिरी ते मुलांवर सोडा.